‘कोहा’चे रूप बदलायचे तर ते मुळाशी बदलावे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील काही महाविद्यालयांत आणि वाचनालयांत पुस्तकांची देवघेव आता संगणकावर होते आणि त्यासाठी ‘कोहा’ हे ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारे, सॉफ्टवेअर वापरले जाते. वाचक ज्या पडद्यावर पुस्तके शोधतो, आणि ज्याला ग्रंथालयातील मंडळी ‘ओपॅक’ म्हणतात, तो पडदा जुनाट दिसतो, म्हणून तो नव्या धर्तीचा करून घ्यावा, असा विषय कार्यकारिणीच्या बैठकांत निघू लागला आहे. दरपत्रके मागवली जातात, एखाद्या संगणक व्यावसायिकाला काम दिले जाते आणि महिन्याभरात पहिल्या पानावर इमारतीचा मोठा फोटो, सरकत्या बातम्या आणि पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे दिसू लागतात. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या रीतीने हे काम केले जाते, तिच्यामुळे पैसा खर्च होऊनही दोन-तीन वर्षांत तोच पडदा पुन्हा जुना होतो, आणि ज्या अडचणींमुळे वाचक संगणक सोडून काउंटरवर येऊन विचारतो, त्या अडचणींना हात लागतच नाही. ग्रंथालयाच्या कामाशी बराच काळ संबंध असल्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

माझे म्हणणे असे, की ओपन सोर्स प्रकल्पाचे रूप आपल्या एकट्याच्या प्रतीत बदलून घेऊ नये. जो बदल हवा आहे तो प्रकल्पाच्या मूळ ठिकाणी मांडावा आणि तेथे करून घ्यावा. आणि तेथे मागणी करताना सीमाभागातल्या वाचनालयांनी रंग आणि चित्रे यांच्या आधी शोधाच्या चौकटीचा प्रश्न पुढे ठेवावा.

कोहाची थोडी माहिती येथे देणे आवश्यक आहे, कारण अनेक पदाधिकाऱ्यांचा समज असा दिसतो, की हे कोणा दुकानदाराने विकलेले पॅकेज आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी संगणक प्रणाली सन २००० उजाडल्यावर चालणार नव्हती. बाजारातील महाग पर्याय न घेता त्या संस्थेने १९९९ मध्ये कातिपो कम्युनिकेशन्स या कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती वापरात आणली आणि जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सखाली ती सर्वांसाठी खुली केली. तेव्हापासून निरनिराळ्या देशांतील ग्रंथपाल, प्रोग्रामर आणि सेवा देणाऱ्या कंपन्या मिळून ती वाढवीत आहेत. दर वर्षी मे आणि नोव्हेंबर महिन्यांत नवी आवृत्ती येते. २०१६ पासून आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो, त्यामुळे २२.११ म्हणजे नोव्हेंबर २०२२ ची आवृत्ती, हे कोणालाही ओळखता येते. आपल्या वाचनालयाची प्रत किती जुनी आहे हे समजण्यासाठी तंत्रज्ञाची गरज नाही. ग्रंथपालाने ‘अबाउट कोहा’ हे पान उघडून क्रमांक वाचावा, एवढे पुरे आहे.

हा क्रमांक पाहिल्यावर बहुतेक ठिकाणी लक्षात येईल, की ज्या आधुनिकीकरणासाठी आपण दरपत्रके मागवतो, त्यातील मोठा भाग मूळ प्रकल्पात केव्हाच झालेला आहे. नोव्हेंबर २०१३ मधील ३.१४ या आवृत्तीत वाचकांच्या पडद्यासाठी बूटस्ट्रॅप या वेबपानांच्या तयार साच्यावर आधारलेली नवी थीम (पडद्याचे रूप) आली आणि तोच पडदा मोबाईलच्या अरुंद काचेवरही नीट बसू लागला. जुनी थीम त्याच दिवशी काढून टाकली गेली नाही. ग्रंथालयांना सवय होईपर्यंत दोन्ही चालू ठेवण्यात आल्या. नोव्हेंबर २०२२ च्या आवृत्तीत कर्मचाऱ्यांच्या बाजूचा पडदा नव्याने आखला गेला, आणि इलेक्ट्रॉनिक साधनांच्या व्यवस्थापनाचा जो नवा विभाग तेव्हा जोडला गेला, त्यासाठी व्ह्यू हे जावास्क्रिप्टचे नवे साधन वापरले गेले. पर्ल या संगणकभाषेत लिहिलेल्या इतक्या जुन्या प्रोग्रामला अशी नवी अंगे लावणे सोपे नसते. सर्व पाने एका झटक्यात न बदलता एकेक विभाग बदलत जाणे, हा त्या मंडळींनी निवडलेला मार्ग संथ वाटला तरी शहाणपणाचा आहे, कारण या काळात जगातली कोणतीही शाखा पुस्तक देण्याघेण्याचे काम थांबवून बसू शकत नाही.

मग आपल्याकडचा पडदा जुना का राहतो? याचे उत्तर आपण केलेल्या ‘आधुनिकीकरणा’तच आहे. एका वाचनालयात, ज्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, पूर्वी एका व्यावसायिकाकडून पहिले पान सजवून घेतले होते. त्याने कोहाच्या मूळ टेम्प्लेट फायलींतच, म्हणजे पानांच्या साच्यांतच, फेरफार केले. पुढे नवी आवृत्ती बसवायची वेळ आली तेव्हा असे दिसले, की अपडेट होताच त्या फायलींवर नव्या फायली येतात आणि सजावट पुसली जाते. ती पुन्हा करायची तर पुन्हा पैसे. म्हणून अपडेटच नको, असा निर्णय झाला. परिणामी त्या वाचनालयाचे पहिले पान चकचकीत राहिले आणि आतली सर्व पाने वर्षानुवर्षे जुनी राहिली. जुन्या आवृत्त्यांना काही काळानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणेही थांबते, आणि सभासदांचे पत्ते व फोन क्रमांक ज्या सर्व्हरवर आहेत तेथे ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. उताऱ्यावर नोंद न करता बांधलेल्या खोलीसारखी ही सजावट असते: राहण्यापुरती ठीक, पण पहिल्याच मोजणीत पाडावी लागणारी.

कोहातच यासाठी सोय आहे. वाचकांच्या पडद्याचे रंग, अक्षरांचा आकार, मथळा, सूचना यांसाठी ‘सिस्टिम प्रेफरन्स’ आणि ‘एचटीएमएल कस्टमायझेशन’ या कोहाच्या सेटिंगच्या पानांवर वेगळ्या जागा दिलेल्या आहेत; तेथे लिहिलेले सीएसएस (रंग-आकाराचे नियम) आणि जावास्क्रिप्ट डेटाबेसमध्ये राहते आणि आवृत्ती बदलल्यावरही टिकते. वाचनालयाचे बोधचिन्ह, वेळा, सुट्ट्यांची यादी, वर्गणीची माहिती हे सर्व तेथे ठेवता येते. याच्या पलीकडचा, म्हणजे पानाची रचना किंवा शोधाची पद्धत बदलणारा कोणताही बदल मात्र आपल्या प्रतीत करू नये. परवान्याने तो करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार दिला आहे, हे खरे. पण तो बदल पुढच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर जुळवून घेण्याचा बोजाही मग आपलाच होतो, आणि तो बोजा खानापूर किंवा निपाणीच्या वाचनालयाने एकट्याने का वाहावा, हे मला समजत नाही.

आता ज्या अडचणी मी वर सूचित केल्या त्यांकडे येतो, कारण या पत्राचे खरे कारण त्याच आहेत. वाचक ओपॅकवर येतो तो शोधण्यासाठी. बहुतेक वाचक मोबाईलवरून येतो. त्याला फोटो पाहायचा नसतो. पुस्तक आहे की नाही, कपाटात आहे की कोणी नेले आहे, एवढेच त्याला हवे असते. आणि नेमके तेथेच मराठी वाचक अडतो.

देवनागरीत दिसायला एकच असलेली अक्षरे संगणकाच्या पोटात वेगवेगळी असू शकतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या जागतिक व्यवस्थेत, २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्यापूर्वी आणि काही कळफलकांवर आजही ‘अ’ पुढे अर्धचंद्र देऊन ते लिहिले जाते. दोन्ही डोळ्यांना सारखी, पण शोधयंत्राला ती दोन निराळी अक्षरे. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ या शब्दांतला अर्धा रफार दोन प्रकारे टंकित होतो: एकात ‘ऱ’ हे वेगळे अक्षर असते, दुसऱ्यात साध्या ‘र’ नंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. नोंद करणाऱ्याने एक प्रकार वापरला आणि वाचकाच्या फोनने दुसरा पाठवला, की पुस्तक समोरच्या कपाटात असूनही पडद्यावर ‘काहीही सापडले नाही’ असे येते. वाचकाला वाटते, वाचनालयात ते पुस्तकच नाही. तो निघून जातो आणि त्याची तक्रार कोठेही नोंदली जात नाही.

त्यावर जुन्या लेखनपद्धतीची भर पडते. मराठी लेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. त्यापूर्वी छापलेल्या पुस्तकांच्या नावांत ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार आहेत, ‘कवि’ ऱ्हस्व आहे. तालिका करणारा ग्रंथपाल मुखपृष्ठावर जसे आहे तसे लिहितो, आणि ते त्याने तसेच लिहिले पाहिजे. आजचा विद्यार्थी मात्र ‘काही’, ‘कवी’ असेच टंकणार. ज्या गावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे आहे, त्या बेळगावात जुनी पुस्तके ही अपवादाची गोष्ट नाही. संशोधनासाठी येणारा माणूस तर बहुधा त्यांसाठीच येतो. ओपॅकला कितीही सुंदर रंग दिले तरी १९६२ पूर्वीचा आणि नंतरचा शब्द एकमेकांना भेटत नसतील, तर त्या रंगांचा उपयोग काय?

रोमन लिपीचा भाग आणखी निराळा आहे. तरुण वाचक फोनवर मराठी नावे रोमन अक्षरांत टंकतात. ‘ज्ञ’ कोणी डी-एन-वाय असा लिहितो, कोणी जे-एन असा, तर हिंदीच्या सवयीने कोणी जी-वाय असा. ग्रंथालयशास्त्रातली लिप्यंतराची प्रमाणित पद्धत अक्षरांवर-खाली चिन्हे देणारी असल्यामुळे ती सामान्य वाचक कधीही टंकणार नाही. पुस्तकाची माहिती क्रमांकांच्या रकान्यांत भरण्याची जी ‘मार्क’ पद्धत आहे, तिच्या नोंदीत पर्यायी नावासाठी २४६ हे क्षेत्र आहे आणि दुसऱ्या लिपीतील रूपासाठी ८८० हे क्षेत्र आहे. त्यांत प्रचलित रोमन रूप भरले तर शोध लागतो. पण हे काम हाताने, एकेक पुस्तक घेऊन करावे लागते, आणि दरपत्रकात त्याचा उल्लेख कधी नसतो.

सीमाभागाची म्हणून जी खास गरज आहे ती येथे सुरू होते. आमच्या कपाटांत मराठी आणि कन्नड पुस्तके शेजारी शेजारी असतात, आणि दोन्ही वाचणारे सभासद पुष्कळ आहेत. एस. एल. भैरप्पा यांच्या कादंबऱ्या उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांमुळे मराठी घराघरांत पोहोचल्या. अशा लेखकाचे नाव देवनागरीत टंकले तर अनुवाद सापडतात, कन्नड लिपीत टंकले तर मूळ कादंबऱ्या सापडतात, आणि एकाच शोधात दोन्ही मिळत नाहीत. हा दोष लेखकाच्या अधिकृत नावाच्या नोंदी नीट न केल्यामुळे येतो. कोहात अशी नोंद करून तिच्यात नावाची इतर लिप्यांतील रूपे देता येतात, आणि ती रूपे शोधात धरावीत असे सिस्टिम प्रेफरन्समध्ये सांगताही येते. म्हणजे ही सोय आज उपलब्ध आहे. पण निकालाच्या पानावर ‘हेच पुस्तक कन्नडमध्येही आहे’ असे वाचकाला सहज दिसेल अशी मांडणी करणे, हे इंटरफेसचे, म्हणजे वाचकासमोरच्या पडद्याचे, काम आहे, आणि त्याची निकड आपल्यासारख्या दुभाषी प्रदेशातून सांगितली गेली तरच ते कोणाच्या ध्यानात येईल. बेल्जियम, कॅनडा, फिनलंड या देशांतही दोन भाषांचे वाचक आहेत; पण त्यांच्या दोन्ही भाषा एकाच लिपीत लिहिल्या जातात, त्यामुळे आपली अडचण त्यांना आपोआप जाणवणार नाही.

शोधाच्या मुळाशी जे यंत्र आहे त्याविषयीही दोन शब्द लिहितो. कोहा पूर्वीपासून झेब्रा हे शोधयंत्र वापरतो; अलीकडच्या आवृत्त्यांत इलॅस्टिकसर्चचाही पर्याय आहे. झेब्राची एक मांडणी युरोपीय लिप्या डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या अक्षरसारण्यांवर चालते, दुसरी युनिकोडच्या आयसीयू या व्यवस्थेवर. देवनागरी आणि कन्नड पुस्तके असतील तेथे दुसरीच हवी. ती निवडली, वर सांगितलेली अक्षरांची दुहेरी रूपे एक मानण्याचे नियम तिच्यात लिहिले आणि सर्व नोंदींची अनुक्रमणी (शोधयंत्र वापरते ती सूची) पुन्हा करून घेतली, की निम्म्याहून अधिक तक्रारी मिटतात असा माझा अनुभव आहे. अर्थात, हे काम दिसत नाही. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापून दाखवता येत नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येण्याच्या आधी महाविद्यालयांचे पडदे एकाएकी नवे का होतात आणि अनुक्रमणी तशीच का राहते, याचे कारण वाचकांनीच ओळखावे.

नोंदींच्या बाबतीत आणखी एक जुने दुखणे आहे. संगणकीकरणाच्या पहिल्या लाटेत मराठी नोंदी श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्टमध्ये आणि कन्नड नोंदी नुडी, बरह यांच्या जुन्या पद्धतीत टंकल्या गेल्या. त्या युनिकोडमध्ये न आणता तशाच नव्या प्रणालीत ओतल्या तर पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरांची ओळ दिसते. छापखान्यांत आणि डीटीपीच्या कामात वर्षे घालवलेली माणसे बेळगावात भरपूर आहेत. ही रूपांतरे तपासण्याचे काम त्यांच्याइतके चांगले कोणी करणार नाही, आणि संकेतस्थळ सजवणाऱ्यापेक्षा त्यांना चार पैसे दिलेले अधिक कारणी लागतील.

आता दिसणाऱ्या भागाकडे. तो बिनमहत्त्वाचा आहे असे मी म्हणत नाही. बूटस्ट्रॅपच्या तिसऱ्या आवृत्तीत अक्षरांचा मूळ आकार १४ पिक्सेल होता, चौथ्यात तो १६ झाला आणि ओळींमधील अंतरही थोडे वाढले. रोमन अक्षरांना १४ चालते. देवनागरीत वर रफार आणि वेलांटी, खाली उकार आणि जोडाक्षरे असल्यामुळे तेवढ्यात अक्षरे दाटतात, आणि बटणांत तर उकार खालून कापले जातात. पन्नाशीपुढच्या सभासदांसाठी, आणि आपल्या वाचनालयांचे नियमित सभासद बहुतांशी तेच आहेत, हा फरक मोठा आहे. देवनागरी निवडल्यावर अक्षरांचा आकार आणि ओळींचे अंतर आपोआप वाढेल अशी सोय मूळ थीममध्येच असावी, ही मागणी एकट्या मराठीची नाही; हिंदी, नेपाळी, कोकणी अशा सर्वांनाच ती उपयोगी आहे. मुखपृष्ठांच्या चित्रांबाबतही असेच. कोहा ती गूगल, ओपन लायब्ररी अशा ठिकाणांहून आणू शकतो, पण त्यासाठी आयएसबीएन हा पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक लागतो, आणि आपल्या जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतो. मग वीस निकालांपुढे वीस वेळा ‘चित्र नाही’ अशा रिकाम्या चौकटी उमटतात. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात नेटवर्कची जी अवस्था असते, ती पाहता ती चौकट काढून टाकणे आणि निवडक पुस्तकांची छायाचित्रे आपणच काढून आपल्या सर्व्हरवर ठेवणे, हे अधिक बरे.

मराठी अनुवादाचा प्रश्न मात्र निव्वळ हौसेवर सोडता येणार नाही. कोहाचा पडदा ज्या वाक्यांनी बनतो त्यांचा अनुवाद वेबलेट या साधनावर कोणालाही करता येतो, आणि तो पुढच्या आवृत्तीत सर्वांना मिळतो. आपल्याकडे मराठी निवडल्यावर पडद्यावर जे अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी दिसते, त्याला एक कारण मनुष्यबळाचे आहे. दुसरे मात्र तांत्रिक आहे. जुन्या टेम्प्लेटमध्ये एखाद्या वाक्याच्या मध्ये दुवा किंवा ठळक अक्षरे आली, की अनुवादकासमोर ते वाक्य तुकड्यातुकड्यांनी येते. ‘तुमच्याकडे’ हा एक तुकडा, मध्ये आकडा, पुढे ‘पुस्तके आहेत’ हा दुसरा. इंग्रजीत क्रियापद कर्त्यामागोमाग येते. मराठीत आणि कन्नडमध्येही ते वाक्याच्या शेवटी जाते आणि विभक्तीचा प्रत्यय नावाला चिकटतो. तुकड्यांचा क्रम बदलण्याची मुभा नसल्यामुळे कितीही चांगला अनुवादक वाकडे वाक्य लिहितो. नव्या टेम्प्लेटमध्ये पूर्ण वाक्य एकत्र ठेवून आकड्याच्या जागी खूण ठेवण्याची पद्धत आली आहे, पण सर्व पाने अजून तशी झालेली नाहीत. इंटरफेसचे आधुनिकीकरण म्हणून जर एकच तांत्रिक काम निवडायचे असेल तर मी हे निवडीन. आणि अनुवाद करताना देवघेव, दाखल क्रमांक, अनामत, थकीत वर्गणी हे काउंटरवरचे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत, अशा ग्रंथपालांनी तो करावा.

काउंटरवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचाही विचार व्हावा. संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत रांग लागलेली असताना ते माउसला हात लावत नाहीत. पुस्तक देण्याच्या चौकटीवर जाण्यासाठी ऑल्ट आणि यू, परत घेण्यासाठी ऑल्ट आणि आर, शोधासाठी ऑल्ट आणि क्यू, आणि मग बारकोड, असे त्यांचे हात न बघता चालतात. नव्या आराखड्यात ही बटणे किंवा चौकटींचा क्रम बदलला तर त्यांचे काम महिनाभर मंदावते आणि बोलणी मात्र त्यांनाच बसतात. विकिपीडियाने २०१० पासूनचे आपले रूप बदलून नवे रूप आणले आणि १८ जानेवारी २०२३ रोजी ते इंग्रजी विकिपीडियावर सर्वांसाठी लागू केले, तेव्हा ओळींच्या मर्यादित रुंदीवरून बरेच वाद झाले; पण खाते असलेल्या संपादकांना जुने रूप निवडण्याची मुभा ठेवलेली होती. आपल्याकडे बदल करताना असा काही काळ दोन्ही रूपे चालू ठेवण्याचा विचार कोणी करत नाही. सोमवारी सकाळी येऊन पाहावे तर पडदा बदललेला.

मूळ प्रकल्पात बदल करणे म्हणजे परदेशातल्या मंडळींच्या दारात जाऊन बसणे, असे काहींना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. कोहात प्रत्येक दोष आणि प्रत्येक सूचना बगझिला या सार्वजनिक नोंदवहीत क्रमांकाने नोंदली जाते. कोणीतरी त्यावर पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, लिहितो. दुसरा कोणीतरी तो तपासून संमती देतो. त्यानंतर गुणवत्ता तपासणी करणारा गट तो पाहतो. शेवटी त्या आवृत्तीचा व्यवस्थापक तो मूळ संहितेत (प्रोग्रामच्या कोडमध्ये) घेतो. यातील तपासून संमती देण्याची पायरी प्रोग्रामिंग न येणाऱ्या ग्रंथपालासाठीही खुली आहे. सँडबॉक्स नावाची सोय आहे, जिच्यात पॅच लावलेली कोहाची चाचणी प्रत ब्राउझरमध्येच उघडते. काही बसवावे लागत नाही. देवनागरीतील नोंद करून, शोधून, बटणे पाहून ‘चालते’ किंवा ‘येथे अडते’ असे लिहायचे. आपल्या भाषेच्या नोंदी घेऊन कोणी ही तपासणी केली नाही, तर इंग्रजी नोंदींवर चाललेला पॅच पुढे जातो, आणि मग आपण म्हणतो, की हे सॉफ्टवेअर मराठीसाठी नाही.

हे सर्व ‘फुकट’ होईल असे मात्र कोणी समजू नये. सॉफ्टवेअरला किंमत नसली तरी सर्व्हर, बॅकअप, आवृत्ती बदलणे आणि नोंदी दुरुस्त करणे यांना पैसा लागतो, आणि ते काम करणाऱ्या स्थानिक व्यावसायिकांना तो मिळालाच पाहिजे. माझी सूचना एवढीच, की पैसा कशासाठी द्यायचा ते ठरवून द्यावा. पाच-सहा वाचनालये आणि महाविद्यालये एकत्र आली, तर प्रत्येकाने वेगळे पहिले पान रंगवून घेण्याच्या खर्चात अर्ध्या रफाराचा, जुन्या अनुस्वारांचा आणि दुहेरी लिपीच्या निकालाचा प्रश्न एखाद्या प्रोग्रामरकडून एकदाच सोडवून घेता येईल आणि तो पॅच मूळ प्रकल्पात पाठवता येईल. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे, शहरात आणि आसपास अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दर वर्षी प्रकल्पासाठी विषय हवा असतो आणि बहुतेकदा कोणीही न वापरणारी ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ ते पुन्हा एकदा शून्यातून लिहितात. त्याऐवजी बगझिलातील एक खरा दोष त्यांनी हाती घेतला, तर त्यांच्या कामाची नोंद जगासमोर राहील आणि गावच्या वाचनालयाचेही काम होईल. मराठी आणि कन्नड विद्यार्थ्यांनी एकत्र बसून करावे असे काम सीमाभागात सहसा मिळत नाही; हे तसे आहे.

ज्या संस्था येत्या काळात दरपत्रके मागवणार आहेत त्यांनी कराराच्या कागदात काही अटी घालाव्यात, अशी माझी विनंती आहे. मूळ टेम्प्लेट फायलींना हात लावायचा नाही. सजावट वर सांगितलेल्या सेटिंगच्या पानांवरच करायची. कोहाची प्रत चालू काळात दुरुस्त्या मिळणाऱ्या आवृत्तीवर आणून द्यायची आणि पुढील दोन वर्षे तशी ठेवायची. संहितेत जो बदल करावाच लागेल तो बगझिलात नोंदवायचा आणि त्याचा क्रमांक संस्थेला कळवायचा. बिल देण्यापूर्वी ग्रंथपालाने स्वतः शंभर मराठी व कन्नड पुस्तके मोबाईलवर शोधून पाहायची, आणि त्यांतील निदान काही १९६२ पूर्वीची असावीत. तोपर्यंत प्रत्येक काउंटरवर एक वही ठेवून, वाचकाने काय टंकले आणि पुस्तक असूनही काय सापडले नाही, ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायला सुरुवात करावी. चाचणीची शंभर पुस्तके त्या वहीतूनच निवडता येतील.

आपला विश्वासू,
ग्रंथालय क्षेत्रातील एक कार्यकर्ता
खानापूर, जि. बेळगाव